गडावर कोण कोण होतं

गणपती उठले की आमच्या पडवीत साचे बाहेर निघतात. दिवाळी महिना-दीड महिन्यावर आलेली असते आणि पाऊस जायचं नाव घेत नसतो. पेठचा पाऊस नाशिककरांना सांगून खरा वाटत नाही. सावळघाट ओलांडला की हवाच बदलते. शाडूचा जो मावळा नाशिकला दोन दिवसांत खडखडीत वाळेल, तो इथे आठवडाभर ओलसर राहतो आणि मग नेमका सांध्यावर तडकतो. म्हणून मी चित्रं चुलीवरच्या माळ्यावर वाळवतो, जिथे नागलीचं बियाणं ठेवतात. धुराने त्यांच्या अंगाला जी पिवळट-काळपट झाक येते, ती मला हवीच असते. उन्हातान्हात वावरलेल्या माणसाच्या कातडीचा रंग त्यावर चांगला बसतो. बाजारातल्या मावळ्यासारखा तो गुलाबी दिसत नाही.

आश्रमशाळेत चित्रकला शिकवायला लागलो तेव्हापासून दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं करतो आहे. सुरुवात मुलांसाठी झाली. सुट्टी लागली की मुलं आपापल्या पाड्यावर जातात, म्हणून शाळेतला किल्ला आम्ही सुट्टीच्या आधीच बांधायचो. नाशिकहून आणलेल्या चित्रांत सिंहासनावरचे महाराज, दोन तोफा, एकाच साच्यातले दहा-बारा मावळे, एक गवळण, एक भाजीवाली आणि एक वाघ असायचा. गवळण मावळ्याच्या दीडपट उंच. ही चित्रं करणाऱ्या कुंभारांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. हंगामात हजारोंनी माल काढायचा आणि तो गरिबाच्या पोरालाही घेता येईल अशा भावात विकायचा, हे सोपं नाही. पण मुलांना त्या किल्ल्यावर काय घडतंय हे सांगायला लागलो की मला माणसं कमी पडायची. लढणारे भरपूर होते, बाकी कोणीच नव्हतं.

वाघाचं मात्र आमच्याकडे निराळंच आहे. वसुबारसेच्या दिवशी आमच्या भागात वाघबारस असते. पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा दगड किंवा लाकडी फळी असते, तिच्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात, आणि गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात. एका वर्षी शहरातून आलेल्या एका पाहुण्याने मुलांच्या किल्ल्यावर एक मावळा वाघाकडे भाला रोखून उभा केला. पाहुणे गेल्यावर मुलांनी कोणाला न विचारता मावळ्याचं तोंड दुसरीकडे वळवलं. वाघाच्या गुहेपुढे भाताचे चार दाणेही ठेवले. किल्ला कुठे बांधला आहे आणि कोण बांधतंय, यावर त्यातलं बरोबर-चूक ठरतं, हे मी त्या दिवसापासून धरून चाललो आहे.

माझ्या कामाला खरं वळण दिलं ते १९९९ च्या दिवाळीने. त्या वर्षी मे ते जुलै कारगिलची लढाई झाली होती. मुलांनी जाहीर केलं की यंदा किल्ला नाही, टायगर हिल. पोत्यांवर चिखल थापून डोंगर केला, वर चुना मारून बर्फ केलं. बाजारात प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक पिशवीभर मिळायचे. अर्धे आपले ठरले, अर्धे पाकिस्तानचे. आपले उभे आणि पाकिस्तानचे उताणे, वर कुंकू शिंपडलेलं. पायथ्याशी एक बोफोर्स, तीही प्लॅस्टिकचीच.

जवळच्याच पाड्यावरचे एक हवालदार तोफखान्यातून निवृत्त होऊन नुकतेच घरी आले होते. त्यांची सुरुवातीची शिकवणी नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात झाली होती. नातवाला न्यायला आले आणि किल्ल्यापाशी उकिडवे बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तोफेवर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, ही एकटी कशी काय उडते?" मुलं हसली. ते हसले नाहीत. एक गोळा आणून देतो, एक भरतो, एक शिस्त धरतो, एक कानाला यंत्र लावून वरून काय सांगतात ते ऐकतो, मागे कोणी गाड्यांमधून पेट्या उतरवत असतो, असं त्यांनी मुलांना सांगितलं. प्रत्येकाची जागा त्यांनी मातीत काडीने आखून दाखवली. मग उताण्या सैनिकांपैकी एक उचलला, शर्टाच्या टोकाने त्याच्यावरचं कुंकू पुसलं आणि म्हणाले, "पडलेला माणूस असा टाकून ठेवत नाहीत. आपला असो, त्यांचा असो. त्याला उचलायला कोणीतरी गेलेलं असतं."

कारगिलच्या शिखरांवर पाकिस्तानने आपले म्हणून स्वीकारले नाहीत असे कितीतरी मृतदेह आपल्या सैन्याने त्यांच्या धर्माच्या रीतीने दफन केले, ही बातमी तेव्हा सगळ्यांनीच वाचली होती. पण खेळातल्या टायगर हिलवर ती कोणाच्या डोक्यात आली नव्हती. सुट्टीत मी बांबूच्या कामट्या आणि कापडाची चिंधी घेऊन डोली केली, चार माणसं ती उचलणारी केली. संग्राहकांच्या मापात चोपन्न मिलिमीटरची माणसं घडवायला मी शिकलो ते त्या चौघांवर.

हे माप जगभर चालतं, हे मला पुढे नाशिकला कळलं. एका ओळखीच्या सरांनी मला तिथल्या काही हौशी माणसांच्या बैठकीला नेलं. त्यांच्यात डॉक्टर होते, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते होते, एक वकील होते. सगळ्यांकडे सैनिकांचे संच. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिशाचा सैनिक ओतायची युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, बाहेरचा थर थिजला की आतला ओघळ बाहेर ओतून द्यायचा. त्यामुळे सैनिक हलका आणि स्वस्त झाला, आणि जर्मनीच्या भरीव सैनिकांची सद्दी मोडली. एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात घराच्या फरशीवर असल्या सैनिकांनी लढाया कशा खेळाव्यात याचे नियम आहेत. पुस्तकाच्या शेवटी तो खऱ्या युद्धाचा उबग मनापासून मांडतो. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटनच्या संचांत हिंदी फौजेचेही संच होते. बंगाल लान्सर्सचे फेटे, कमरपट्टे, भाल्यांवरची निशाणं मी तिथे पहिल्यांदा हातात घेऊन पाहिली. रंगकाम इतकं नेटकं की बघत राहावं.

या मंडळींचे वाद ऐकायला मला आवडायचं. फेट्याचा निळा जरा गडदच झालाय, या पलटणीला १९१४ पर्यंत ही बंदूक मिळालीच नव्हती, घोड्याच्या खोगिराखालची घडी चौकोनी असायला हवी. बाहेरच्याला हा कीस वाटेल, मला कधी वाटला नाही. ज्या माणसाने तो पट्टा बांधला होता, त्याला तो कुठे बांधला आहे हे नक्की माहीत होतं. ते आपणही माहीत करून घ्यावं, यात त्याच्याविषयीचं अगत्य आहे.

एका बैठकीत मात्र वाद वेगळ्या जागी गेला. एकाने १९३० च्या दशकातला जर्मन संच मिळवला होता, एलास्टोलिन नावाचा. लाकडाचा भुसा, सरस वगैरेंचा लगदा तारेच्या सांगाड्यावर थापून ही चित्रं करत. आमच्याकडच्या बोहाड्याच्या मुखवट्यांचं काम कागदाच्या लगद्याचं असतं, त्यामुळे मला ती कारागिरी लगेच ओळखीची वाटली. संचात हिटलर होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून वरखाली व्हायचा. अभियंत्यांचं म्हणणं पडलं की संच पुरा मांडायचा, इतिहास आहे तो आहे. डॉक्टर म्हणाले, माझ्या घरातल्या फळीवर हे चित्र येणार नाही. आवाज चढले. वकिलांनी तोड सुचवली की ते चित्र खणात ठेवावं आणि बघायचं असेल त्याला दाखवावं.

मी सगळ्यांत नवखा होतो, पण बोललो. त्या हिटलरचा बिल्ला बरोबर होता, पट्टा बरोबर होता, बूट बरोबर होते. ज्या कारखान्याने तो केला, त्याच्यासमोर ते कपडे रस्त्यावरून रोज चालत होते, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. आणि तरीही तो संच आरपार खोटा होता. संचालनं होती, वाद्यवृंद होता, हात वर करणारा नेता होता. ज्यांना घरातून ओढून नेलं जात होतं, त्यांच्यातलं एकही माणूस त्यात नव्हतं. मुलांनी त्या नेत्यावर जीव लावावा म्हणूनच ते चित्र घडवलं होतं. बटणं मोजून असल्या संचाचा खरेपणा ठरत नाही. कोणाला वगळलंय हे मोजावं लागतं. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. पण डॉक्टरांनी पुढच्या खेपेला माझी चित्रं घेऊन यायला सांगितलं.

मग त्यांच्या तपासणीत सापडायची पाळी माझ्या मावळ्यांवर आली, आणि त्याचा मला फार उपयोग झाला. सगळे फेटे भगवे का, हा पहिला प्रश्न. शिवकाळात गणवेश नव्हता. पागोटं ज्याचं त्याचं, शेला ज्याचा त्याचा, हत्यारही बरेचदा आपलंच. तेव्हापासून माझ्या मावळ्यांची पागोटी मळकी पांढरी, विटकरी, हळदी, क्वचित हिरवट असतात. तलवारी सगळ्या वाकड्या का, हा दुसरा. सरळ पात्याची धोप होती, परदेशी पात्यांच्या फिरंगी होत्या. आता मी तार ठोकून दोन्ही करतो. प्रत्येक तोफेला दोन चाकं का, हा तिसरा. गडाच्या बुरुजावरची तोफ कुठे रस्त्याने न्यायची असते? तिला ओंडक्यांची बैठक पुरते.

महाराजांच्या चेहऱ्याबद्दल तर सगळ्यांनाच बोलायचं असतं. एके काळी महाराजांचं म्हणून जे चित्र पुस्तकांतून छापलं जायचं ते दुसऱ्याच एका सरदाराचं होतं, आणि वा. सी. बेंद्रे यांनी युरोपातल्या कागदपत्रांमधून महाराजांचं खरं चित्र उजेडात आणलं. एवढ्या मोठ्या पुरुषाचा चेहरासुद्धा कोणीतरी कागद धुंडाळून दुरुस्त करावा लागला, तर आपण पागोट्याच्या पिळासाठी चार पुस्तकं उलटली तर काय बिघडलं?

राज्याभिषेकाचा संच मी हेन्री ऑक्झेंडनच्या नोंदीवरून केला. ६ जून १६७४ ला रायगडावर इंग्रजांचा वकील म्हणून तो दरबारात होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर काय काय लावलं होतं ते त्याने लिहून ठेवलं आहे: मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन घोडे उभे होते, आणि एवढ्या अवघड वाटेने हे हत्ती वर आले कसे याचं त्याला नवल वाटलं. बाजारात मिळणाऱ्या सिंहासनाला छत्र असतं, सिंह असतात, तराजू नसतो. माझ्या संचातला तराजू तांब्याच्या केसाएवढ्या तारेचा आहे. त्याच्या पारड्यांना मी कापडातल्या टिकल्या वापरतो. मुलांना सिंहासन दाखवताना मी बोट आधी तिथे नेतो. राजाने गादीवर बसताना सगळ्यांना दिसेल असा तराजू उंच धरला होता, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ आहे.

अफझलखानाच्या संचाची मागणी दर वर्षी येते. १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची भेट मीही केली आहे. शामियाना आहे, जिवा महाला आहे, सय्यद बंडा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, खान राक्षसासारखा करा, डोळे लाल करा, आतडी दाखवा. मी करत नाही. खान धिप्पाड होता, तसा तो आहे, पण त्याला माणसाचं तोंड आहे. राक्षसाला मारण्यात पराक्रम काय? समोर कसलेला, अनुभवी, ताकदीचा सेनापती होता आणि भेटीला जाताना जीव जाऊ शकतो हे महाराजांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून अंगरख्याखाली चिलखत होतं. शत्रूला लहान केलं की महाराज लहान होतात. आणि खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशीच आहे. ज्यांच्या राज्यात ती बांधली गेली, त्यांना वैर कुठे संपवायचं हे माहीत होतं. संभाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांचा संचही लोक मागतात. ते हाल मी मातीत करणार नाही आणि मुलांच्या गुडघ्यापाशी मांडणार नाही. ते त्यांनी योग्य वयात वाचावेत.

माझा सगळा जीव ज्यात गुंतला आहे तो संच रामशेज गडाचा. पेठहून नाशिकला जाताना शेवटच्या टप्प्यात तो डोंगर दिसतो. नाशिकपासून पंधराएक किलोमीटरवर, पायथ्याला आशेवाडी. फार उंच नाही, जंगल नाही, बेलाग कडे म्हणावेत तसेही नाहीत. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या सरदारांनी, आधी शहाबुद्दीन फिरोजजंगाने, याला वेढा घातला तेव्हा काही दिवसांचं काम असंच त्यांना वाटलं असणार. गडाने काही वर्षं दाद दिली नाही. लाकडी दमदमे उभारले, सुरुंग लावले, सेनापती बदलले, गड हटला नाही. हे सगळं आपल्याला सांगितलंय ते खाफीखान या मोगलांकडच्या इतिहासकाराने. हरवू न शकलेल्या गडाचं कौतुक शत्रूच्या लेखणीतून आलेलं आहे, म्हणून मला ते अधिक मोलाचं वाटतं.

त्याने लिहिलंय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकूड पोखरून, चामडं वापरून त्यांनी तोफा केल्या आणि त्या दहा तोफांचं काम करत. ही तोफ करायला मला दोन हंगाम लागले. सागाची काडी हातात चिरफळते. शेवटी खैराची वाळलेली फांदी घेतली, तापवलेल्या सळईने आतून जाळत पोखरली, मग फुटलेल्या ढोलकीच्या पानाचा पातळ पट्टा भिजवून तिच्यावर गुंडाळला. चामडं वाळताना आवळत जातं आणि लाकडाला करकचून धरतं. ते बघताना माझ्या लक्षात आलं की हे काम करणारी माणसं गडावर होतीच. सुतार होता, चांभार होता. तोफ डागणाऱ्याच्या आधी त्यांनी लढाई केली होती. संचात ते दोघं तोफेच्या मागे बसलेले आहेत, एकाच्या हातात किंकरं, एकाच्या हातात आरी. नाशिकच्या मंडळींनी या दोन चित्रांना खळखळ न करता मान्यता दिली.

वाद झाला तो इरल्यावरून. एवढ्या वेढ्यात पावसाळे आले आणि गेले. रामशेजवर पेठइतका पाऊस पडत नाही, पण पडतो. बुरुजावर रात्रीचा पहारा आहे, वारा आहे, पाणी कोसळतंय. माझा एक पहारेकरी इरलं पांघरून उभा आहे. बांबूच्या पट्ट्यांची जाळी आणि वर पानं, पाठीवरून डोक्यावर येणारं. आमच्याकडे भातलावणीला आजही म्हातारी माणसं घेतात. मी ते बांबूच्या सालीच्या धाग्यांचं विणलं आणि वर सागाच्या वाळक्या पानाची जाळी चिकटवली. पान पाण्यात कुजवलं की मांस गळून शिरा उरतात, त्या.

अभियंते म्हणाले, "पुरावा काय?" प्रश्न रास्त होता. गडावर इरलं होतं असं कोणी लिहिलेलं नाही. मी म्हणालो, "नसल्याचा पुरावा द्या. माणसं चार-पाच पावसाळे भिजत उभी राहिली का?" ते म्हणाले, "घोंगडी घेतली असेल." मी म्हटलं, "असेल, म्हणून दुसऱ्याला घोंगडीच दिली आहे." डॉक्टरांचं मत वेगळं पडलं. चित्र सुंदर आहे म्हणूनच त्याची भीती वाटते, ते म्हणाले, कारण बघणारा उद्या हेच इतिहास म्हणून सांगेल. हे मला पटलं. तेव्हापासून संचाबरोबर मी एक चिठ्ठी देतो. लाकडी तोफ, दमदमा, वेढा हे लिहिलेलं आहे. इरलं, घोंगडी, सुताराची बैठक, धान्याच्या कणग्या हे या भागातल्या राहणीवरून केलेलं आहे. किल्लेदाराचं नाव पुस्तकागणिक बदलतं, म्हणून त्याच्या पाटाखाली 'रामशेजचा किल्लेदार' एवढंच कोरलं आहे. या चिठ्ठीने चित्राची किंमत कमी होत नाही. घेणारा माणूस चित्रापाशी अधिक वेळ थांबतो.

गडावर फक्त किल्लेदार आणि मावळे नसत. हवालदार, सबनीस, सरनोबत असत. घेऱ्यात मेटं असत, तिथे कोळी, रामोशी, महार, बेरड अशी पहाऱ्याची माणसं घरदारासकट राहत. गडाच्या खालचं रान यांच्या पायाखालचं. ही माणसं संचात आली की आमच्या वर्गातली मुलं वाकून बघतात. किल्ला एरवी त्यांच्या गावापासून फार लांबची गोष्ट असते. आता त्यांना पाण्याच्या टाक्यावरची बाई दिसते, तिच्या डोक्यावरची चुंबळ दिसते, कोळ्याच्या खांद्यावरचं कांबळं दिसतं. एका मुलाने विचारलं होतं की आपल्या पेठची लढाई का नाही करत. १८५७ च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, या डोंगरातले कोळी उठले, पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिलं. तो संच मी करायला घेतला आहे. त्याला वेळ लागेल. म्हाताऱ्या माणसांकडून जुने कोयते, विळे, धनुष्यं बघायला मागतो आहे, आणि राजाच्या आधी बाजारातली माणसं घडवतो आहे.

रामशेजच्या संचात एक चित्र सगळ्यांना हवं असतं. खाफीखानाने त्याची हकिकत मोठ्या तपशिलाने दिली आहे. नंतरचा मोगल सरदार खानजहान बहादूर हतबल झाला, तेव्हा भुतं वश असलेला एक मांत्रिक पुढे आला. त्याने सोन्याचा नाग करून मागितला, तो हातात धरून फौजेच्या पुढे गड चढू लागला. अर्ध्या वाटेवर वरून गोफणीचा धोंडा आला, त्याच्या छातीत बसला आणि नाग हातातून उडाला. हे चित्र हास्यास्पद करणं अगदी सोपं होतं. वकिलांना तसंच हवं होतं, डोळे फिरलेला, जीभ बाहेर आलेला. मी त्याला ताठ चालताना केलं. त्याचा स्वतःच्या विद्येवर विश्वास होता, मागच्या शेकडो लोकांचा त्याच्यावर होता. इतकी वर्षं मरणं बघून थकलेली फौज होती ती. वर तटावर गोफण फिरवणारा पोरगा आहे, सोळा-सतरा वर्षांचा, शेतातली पाखरं राखताना हात बसलेला. दोघांच्यामध्ये वीतभर अंतर आहे. धोंडा अजून सुटायचा आहे.

शेवटचं चित्र मात्र कोणालाच नको असतं. ज्या किल्लेदाराने गड इतकी वर्षं राखला त्याचा मान होऊन त्याला दुसऱ्या गडावर नेण्यात आलं, असं सांगितलं जातं. त्याच्या जागी जो आला त्याने मोबदला घेऊन रामशेज मोगलांच्या हवाली केला. तोफांना, सुरुंगांना, मंत्रांना जे जमलं नाही ते पैशाने झालं. हा दुसरा किल्लेदार मी केला आहे. अंगरखा स्वच्छ, पागोटं नीट बांधलेलं, हातात किल्ल्या. चेहऱ्यावर काहीही वाईट रंगवलेलं नाही. त्याच्यापासून चार बोटांवर तोच सुतार, तोच चांभार, तीच टाक्यावरची बाई आहेत, आणि ती त्याच्याकडे बघताहेत.

यावर नाशिकला संध्याकाळभर वाद चालला. काहींचं म्हणणं होतं की मुलांच्या खेळात फितुरी कशाला? दिवाळीचे दिवस, पराक्रमावर थांबा. अभियंत्यांना तो हवा होता, पण वेगळ्या पेटीत. इरल्याच्या वेळी माझ्या बाजूला न आलेले डॉक्टर या वेळी आले. ते म्हणाले, शिशाच्या सगळ्या संचांत मला हरलेल्या फौजा मिळाल्या, शरण आलेली माणसं मिळाली, विकला गेलेला माणूस कधी मिळाला नाही, आणि लढायांचा निकाल तर पुष्कळदा त्यानेच लावलाय. माझं म्हणणं साधं होतं. ज्यांनी चामडं ओलं करून तोफेला बांधलं त्यांच्याशी काय झालं, हे त्यांच्याच संचात सांगायला नको? तेवढं लपवलं तर त्यांचे कष्ट अर्धेच सांगितल्यासारखे होतात.

यंदाच्या दिवाळीसाठी पुण्याहून एकांचा फोन आला. रामशेजचा संच हवा, किल्ल्या घेतलेला तेवढा वगळा, पैसे पूर्ण देतो. त्यांना म्हटलं, दादा, मांत्रिक सुटा देतो, तोफ सुटी देतो, गोफणवाला पोरगाही सुटा देतो. पण पूर्ण संच म्हणाल तर तो किल्लेदार त्यात येणारच. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आहे. साचा मी काढून ठेवला आहे, पाऊस उघडला की ओतायला घेईन.